नाडीची लय बिघडते तेव्हा



‘ये आणि स्वतः पाहा’ ही आपल्या धम्माची शिकवण. नाडीही स्वतः पाहता येते. पाच मिनिटे शांत बसा. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दुसऱ्या हाताची दोन बोटे हलके ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. अंगठ्याने मोजू नका. त्याची स्वतःची नाडी असते.

वेग : मोठ्या माणसाची बसल्या जागी नाडी मिनिटाला ६० ते १०० असते. ती कायम १०० च्या वर असेल तर ताप, अंगात रक्त कमी असणे, थायरॉईड किंवा हृदयविकार असू शकतो. कष्टाची सवय असलेल्यांची नाडी मुळातच मंद असू शकते. पण ५० च्या खाली नाडी आणि सोबत चक्कर, भोवळ असेल, तर तपासणी हवीच.

लय : एखादा ठोका क्वचित चुकला तर बहुधा धोका नसतो. मात्र ठोके कसेही, कधी जवळ, कधी लांब पडत असतील तर हृदयाचे वरचे कप्पे थरथरत असू शकतात. तिथे रक्त साचून गाठ होते, ती मेंदूत गेली की लकवा मारतो.

आपल्या दाटीच्या वस्त्यांत याचे एक जुने कारण आहे. लहानपणी घसा दुखतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा तर उद्या घोटा सुजतो. सांधे बरे होतात, पण हृदयाची झडप खराब होते. पुढे बाळंतपणात त्याच मुलीला धाप लागते. अशा मुलांना डॉक्टर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे देतात. बरे वाटले म्हणून ते बंद करू नका.

छातीत धडधडणाऱ्या बाईला ‘बाहेरचे लागले’ म्हणून अंगारा लावणे, किंवा ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणून गप्प करणे, दोन्ही घातक. आधी ईसीजी काढा. झडपेचे ऑपरेशन सांगितले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातच करा. धडधडीसोबत छातीत दुखणे, धाप, बेशुद्धी, किंवा अचानक तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे असे झाले तर लगेच १०८ ला फोन करा.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर एकमेकांची नाडी मोजा. आकडा वहीत लिहा, आणि लय बिघडलेली वाटली तर त्या व्यक्तीला एकटे न पाठवता सोबत दवाखान्यात जा.