पंगतींतील विश्वास

वाचनाचा भाग : फिलेमोनाला पत्र, ओव्या १ ते २५

विश्वासांत वाढणें म्हणजे काय, असें विचारलें असतां आपण बहुधा म्हणतों : प्रार्थना करणें, शास्त्र वाचणें, उपासनेस जाणें. हें खरेंच आहे. परंतु खतपाणी घातल्याचा उपयोग झाला कीं नाहीं हें जसें पीक उभें राहिल्यावर कळतें, तसें विश्वासाची वाढ झाली कीं नाहीं हें घरीं, पाणवठ्यावर व पंगतींत कळतें. हें शिकविणारें एक लहानसें पत्र नव्या करारांत आहे.

फिलेमोन हा प्रेमळ गृहस्थ होता. मंडळी त्याच्याच घरीं जमत असे (ओवी २). त्याच्यामुळें पवित्र जनांच्या जिवास विश्रांति मिळाली, अशी साक्ष पौल देतो (ओवी ७). अशा मनुष्याच्या विश्वासांत काय उणें असावें? परंतु त्याचा अनेसिम नांवाचा दास त्याला सोडून गेला होता. बंदींत असलेल्या पौलाशीं त्याची गांठ पडली व तो ख्रिस्ती झाला. पौलानें त्यास हें पत्र देऊन परत पाठविलें. त्या काळच्या रोमी कायद्याप्रमाणें दास ही धन्याची मालमत्ता होती, व पळालेल्या दासास कठोर शिक्षा करण्यास धनी मोकळा होता.

पौल काय करितो तें पाहा. आज्ञा करण्याचा अधिकार असूनही तो प्रीतीनें विनंति करितो (ओव्या ८, ९). अनेसिमाचें कांहीं देणें असेल तर तें आपल्या खातीं मांडावयास सांगतो (ओवी १८). आणि मुख्य गोष्ट ही कीं, त्याला दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधु म्हणून घ्यावें (ओवी १६). हें पत्र त्या घरांतील मंडळीच्याही नांवें आहे. तेव्हां उपासनेंत ज्याला 'बंधु' म्हणावयाचें त्याला घरांत काय म्हणावयाचें, हा प्रश्न सर्वांदेखत उभा राहिला. फिलेमोनाचा विश्वास येथेंच वाढावयाचा होता.

आपल्या देशांत हा प्रश्न जातीच्या रूपानें उभा राहतो. १८९५ सालीं नारायण वामन टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई दुःखानें व्याकुळ झाल्या. पुढें त्या पतीजवळ येऊन राहिल्या, तरी त्यांचें सोवळें चालूच होतें. परंतु जाति देवानें केल्या नसून माणसांनीं केल्या आहेत, असें एके दिवशीं त्यांच्या मनानें घेतलें, आणि बाप्तिस्मा घेण्यापूर्वींच त्यांनीं तें सोवळें टाकिलें. त्यांच्या 'स्मृतिचित्रें' ह्या आत्मचरित्रांत ही हकीकत आहे. त्यांच्या विश्वासाचें पहिलें पाऊल स्वयंपाकघरांत पडलें.

हा धडा मी स्वतः उशीरा शिकलों. पाळक होऊन एका खेड्यांत गेलों असतां, एका सोमवारीं एका वृद्ध बहिणीनें मला जेवावयास बोलाविलें. तिचें घराणें ज्या जातींतून आलें होतें ती माझ्या वाडवडिलांच्या जातीहून निराळी होती. पोट बरें नाहीं, असें सांगून मी उठलों. ती शांतपणें म्हणाली, "पाळकसाहेब, काल प्रभुभोजनांत आपण एकाच ताटांतली भाकर घेतली ना? मग आज माझ्या चुलीवरची कां चालूं नये?" माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मी परत बसलों, खोटें बोललों हें कबूल केलें, आणि जेवलों.

फिलेमोनानें पुढें काय केलें हें पत्रांत लिहिलेलें नाहीं. परंतु आपण काय करितों हें आपल्या मुलांस व शेजाऱ्यांस रोज दिसतें. उपदेशक बंधूंनो, हा धडा शिकविण्यापूर्वीं, ज्या घरीं आपण आजवर जेवलों नाहीं त्या घरीं एकदां जाऊन जेवा. ज्याच्याशीं बोलणें बंद आहे त्याला आपण होऊन हाक मारा. मग शिकवा.

घरीं विचार करण्यासाठीं प्रश्न

१. पौलानें आज्ञा न करितां विनंति कां केली?
२. दुसऱ्याचें देणें आपल्या खातीं मांडून घेणें म्हणजे आपल्या गांवांत काय होईल?
३. माझ्या उंबरठ्याबाहेर कोणता अनेसिम उभा आहे?