खेळाचा संगणक : पैसा कोठें घालावा?

आमच्या शाळेंतील बरेच विद्यार्थी हल्लीं संगणकावर खेळतात, इतकेंच नव्हे तर खेळ चालूं असतांना तो इंटरनेटवरून इतरांस दाखवितात, हें पालकांस ठाऊक आहेच. ही आवड बरी कीं वाईट, हा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. परंतु त्यासाठीं संगणक घ्यावयाचा ठरला म्हणजे घरांतील साठ-सत्तर हजार रुपये एका दिवसांत खर्च होतात, आणि कोणत्या भागावर किती खर्चावे याचा निर्णय बहुधा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा करितो. म्हणून त्या निर्णयापुरतें येथें लिहीत आहों.

इ. स. २०२४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टींत, नुकताच दहावी झालेला आमचा एक विद्यार्थी वडिलांसह आमच्या घरीं आला. वडील एस. टी. च्या आगारांत मेकॅनिक. पतपेढींतून सत्तर हजारांची उचल त्यांनीं केली होती. यादी मुलानें केली होती. "सर, यांतलें मला कांहीं कळत नाहीं. आपण एकदां नजर घाला, मग मी पैसे देतों," असें ते म्हणाले. आम्हीं यादी पाहिली. मोठा वांटा आठ कोअरच्या महागड्या प्रोसेसरला. त्याखालोखाल कांचेच्या, रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटला. ग्राफिक्स कार्ड उरलेल्या पैशांत बसेल तें. आणि वीज पुरविणारी पेटी, जिला बाजारांत एसएमपीएस म्हणतात, ती बिननांवाची व सर्वांत स्वस्त.

मुलाचा युक्तिवाद अगदींच निराधार नव्हता. "सर, खेळायचें आणि तेंच दाखवायचें, म्हणजे प्रोसेसरवर दुप्पट ओझें," असें तो म्हणाला. हें ओझें किती, तें गणितानेंच पहावें. पडद्यावरील एका चित्रांत १९२० गुणिलें १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्यास २४ बिट, आणि सेकंदास ६० चित्रें. गुणाकार केल्यास सेकंदास सुमारें ३०० कोटी बिट होतात. ट्विच या स्थळाच्या सूचनेप्रमाणें अशा चित्रासाठीं धाडावयाचे असतात सेकंदास ६० लाख बिट. म्हणजे मूळ चित्र पांचशें पटींनीं आकुंचित करावें लागतें, आणि तेंही खेळ चालूं असतांना, क्षणाचा विलंब न लावतां.

पूर्वीं हें काम प्रोसेसरच करी, व चांगला प्रोसेसरही त्यानें धापा टाकी. कित्येक हौशी लोक त्यासाठीं दुसरा संगणकच बाळगीत. परंतु तो काळ मागें पडला आहे. एनव्हिडिया कंपनीनें २०१२ पासून आपल्या बहुतेक ग्राफिक्स कार्डांत केवळ याच कामाचा एक निराळा विभाग घालण्यास आरंभ केला. त्यास एनव्हेंक म्हणतात. २०१८ च्या पिढीपासून त्यांतून निघणारें चित्र इतकें सुधारलें कीं, सामान्य खेळाडूस प्रोसेसरवर तें ओझें घालण्याचें कारण उरलें नाहीं. इंटेलच्या आर्क कार्डांतही असा विभाग आहे. तेव्हां दाखविण्याचें ओझें कार्डांतील हा लहानसा कोपरा उचलतो, आणि प्रोसेसरला केवळ खेळाकडे पहावें लागतें. आठ कोअरसाठीं राखलेला पैसा मुलानें ज्या कारणासाठीं राखला होता, तें कारणच गेलेलें होतें.

येथें एक खांचखळगा आहे. सर्वच कार्डांत हा विभाग नसतो. जीटी १०३० मध्यें तो नाहीं. २०२२ सालच्या आरएक्स ६५०० एक्सटी मध्येंही नाहीं. डब्यावरील मोठ्या अक्षरांत ही उणीव कोणी छापीत नाहीं. ती कंपनीच्या तपशीलपत्रांतच शोधावी लागते.

हें आम्ही अधिकारानें सांगत आहों, कारण याच खळग्यांत आम्ही पडलों आहों. कांहीं वर्षांपूर्वीं स्नेहसंमेलन घरबसल्या दाखवितां यावें म्हणून पालकांच्या वर्गणींतून शाळेसाठीं एक संगणक जुळविला. भाग आम्हींच निवडले. कार्ड स्वस्त आहे व त्यास दोन पंखे आहेत, एवढेंच पाहून तें घेतलें. संमेलनाच्या दिवशीं पांचवीच्या मुलींचें लेझीम सुरू होतांच चित्र अडखळूं लागलें. कार्डांत तो विभाग नव्हता आणि सर्व भार साध्या प्रोसेसरवर आला होता. परदेशीं असलेल्या एका वडिलांस आपली मुलगी शेवटपर्यंत एक पाय उचलून स्थिर उभी दिसली. तें कार्ड बदलावें लागलें, व तो खर्च आमच्या अज्ञानाचा होता.

असो. त्या दिवशीं मुलास शेजारीं बसवून यादी पुन्हां केली. प्रोसेसर रायझन ५ ५६०० ठरला: सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉट. त्याची बैठक, म्हणजे एएम४ हें सॉकेट, जुनी झाली आहे, आणि २०२२ पासूनच्या एएम५ वर पुढें नवा प्रोसेसर बसवितां येतो, ही गोष्ट आम्हीं वडिलांपासून लपविली नाहीं. पण एएम५ बरोबर डीडीआर५ जातीची महाग रॅम घ्यावीच लागते, आणि तो फरक कार्डाच्या पैशांतून जाता. रॅम १६ जीबी. पण एक पट्टी न घेतां आठ-आठच्या दोन घ्याव्या, म्हणजे दोन वाटांनीं माहिती ये-जा करिते. मदरबोर्ड साधा. एक टीबीचा एनव्हीएमई एसएसडी. वांचलेली सारी रक्कम कार्डाकडे वळविली व आरटीएक्स ४०६० घेतलें. एकट्या कार्डावर सत्तर हजारांपैकीं सुमारें चाळीस टक्के गेले. कांचेच्या कॅबिनेटवर काट मारतांना मुलाचा चेहरा उतरला, तो आम्हांस दिसला. त्याऐवजीं पुढें जाळी असलेलें, हवा खेळती ठेवणारें साधें कॅबिनेट घेतलें.

एसएमपीएसविषयीं आम्हांस फारसें बोलावें लागलें नाहीं. वडील ऐकत होते तेच मध्यें म्हणाले, "म्हणजे सर, इंजिन नवें आणि वायरिंग भंगारांतली, असें झालें कीं हें!" याहून नेमकें आम्हांस सांगतां आलें नसतें. या कार्डाची भूक ११५ वॉट, प्रोसेसरची भर कामांत ९० च्या आंत, इतर सर्वांची मिळून साठ-सत्तर. बेरीज तीनशेंच्या खालींच राहते. तेव्हां नामांकित कंपनीची खरी ५५० वॉटची पेटी पुरून उरते. स्वस्त पेटीवर छापलेला आंकडा मात्र पुष्कळदां छापण्यापुरताच असतो, व ती बिघडली तर एकटी जात नाहीं. कार्डास व मदरबोर्डासही घेऊन जाते. ८० प्लस हा शिक्का पाहावा, पण तो विजेची बचत सांगतो, पेटीची सुरक्षितता नव्हे. हमी किती वर्षांची आहे तें बिलावर लिहून घ्यावें. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर दुकानें पुष्कळ आहेत. चार दुकानीं भाव विचारण्यास लाजूं नये.

इंटरनेटविषयीं एकच सूचना. प्लॅनची जाहिरात येणाऱ्या वेगाची असते. दाखविणाऱ्यास जाणारा वेग हवा, तो खरेदीपूर्वीं घरीं मोजून घ्यावा. सेकंदास ६० लाख बिट या हिशोबानें तासास २.७ जीबी बाहेर जातात. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबींत हें बसणारें नव्हे. प्रक्षेपणासाठीं लागणारा ओबीएस स्टुडिओ हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यासाठीं कोणी पैसे मागितल्यास देऊं नयेत.

वरील वांटणी २०२४ सालची आहे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढले, म्हणून आज यादी करणाऱ्यानें रुपयांचे जुने आंकडे धरून बसूं नये. प्रथम रॅमचा भाव विचारावा आणि मग बाकीची वांटणी करावी.

जुळणी आमच्याच ओटीवर झाली. पडदा घरचा जुनाच होता. बटण दाबलें, पंखे फिरले, दिवे लागले, पण पडदा काळाच राहिला. मुलगा रडकुंडीस आला. आम्हांसही घाम फुटला, कारण पतपेढीचे हप्ते डोळ्यांपुढें होते. वडील पाठीमागें वांकून बराच वेळ पाहत होते. पडद्याची वायर आम्हीं मदरबोर्डाच्या खोबणींत घातली होती, आणि या प्रोसेसरला स्वतःचें चित्र काढतांच येत नाहीं. त्यांनीं ती उपसून खालच्या बाजूस, कार्डाच्या खोबणींत बसविली.

"आतां बघ रे लावून," ते मुलाला म्हणाले.