एक्स अधिक एक्स : अनोळखी कोडच्या रानात



आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट सिमपायवर आहे. आकड्यांऐवजी अक्षरांची गणितं सोडवणारी ही पायथॉनची लायब्ररी ओंद्रेय चेर्टिकने २००५ साली सुरू केली. पहिला आठवडा आम्ही तिचे फोल्डर पाठ्यपुस्तकासारखे पहिल्या पानापासून वाचले. डोक्यात काही शिरेना.

मग २ जानेवारीला हॉस्टेलची मंडळी सिद्धगडला गेली. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील १९४३ साली याच दिवशी तिथे हुतात्मा झाले. स्मारकावर फुलं वाहून वर निघालो आणि रानात तासभर भटकलो. सिद्धगडवाडीचे एक काका भेटले, म्हणाले, "पोरांनो, या गुरांच्या वाटा. वाडीची वाट एकच." मुकाट त्यांच्या मागे गेलो.

परत आल्यावर आम्हीही एकच वाट धरली: एक्स अधिक एक्स. डीबगर लावून एकेक पाऊल टाकलं. अधिकचं चिन्ह दिसलं की 'ॲड' क्लास बोलावला जातो. त्यातलं 'फ्लॅटन' सारखी पदं गोळा करतं आणि उत्तर 'मल' होऊन बाहेर येतं. (हसू नका, मल्टिप्लायचं लघुरूप आहे!) एवढ्या वाटेत कोअर फोल्डर बराच ओळखीचा झाला.

आणि तिथेच शहाणपणा नडला. एक्सच्या वर्गाचं वर्गमूळ सिमपाय तसंच ठेवतं, एक्स देत नाही. मला वाटलं बग! रिव्ह्यूच्या आदल्या रात्री मी तीन ओळी घालून तो 'दुरुस्त' केला. टेस्ट चालवल्या तर लाल. पहाटे दोनला त्या टेस्ट नीट वाचल्या. एक्स उणे ३ असेल तर वर्ग ९, वर्गमूळ ३. म्हणजे एक्स नाहीच. बरं, मॉड्युलस घ्यावा तर एक्सच्या जागी आय ठेवून बघा, तोही चुकतो. एक्स धन आहे असं आधी सांगितलं तर सिमपाय एक्स देतं, नुसतं रिअल सांगितलं तर मॉड्युलस. हे सगळं टेस्टच्या फोल्डरमध्ये लिहिलेलं होतं, आणि तो आम्ही कंटाळवाणा म्हणून उघडलाच नव्हता.

तीन ओळी काढल्या. सरांना मात्र खरं ते सांगितलं.

सध्या मुक्काम 'मॅन्युअल इंटिग्रेट' या फाइलमध्ये. हाताने सोडवतो तसं पायरीपायरीने इंटिग्रेशन तिथे होतं. कुणी ती वाट आधी चालून आलं असेल तर जेवणाच्या वेळी मेसमध्ये गाठा.