चिंचोके मांडा, मग झाका

काल शिकलेलं अक्षर आज आठवत नाही, म्हणून कित्येक जण वर्ग सोडतात. "या वयात डोकं चालत नाही, गुरुजी," असं इथं शिरवण्यातही ऐकतो. पण कालचा बोंबलाचा भाव मात्र बरोबर सांगतात! डोकं चालतं. शिकायची रीत बदलली पाहिजे.

ती रीत आपल्याच मुलखात सापडली. बोर्डी हे गाव पूर्वी आपल्या ठाणे जिल्ह्यात होते. आता पालघरमध्ये आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी तेथे लहान मुलांना शिकवायला सुरुवात केली. जोडीला अनुताई वाघ होत्या. १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडला गेले. शिकवण्याची विकतची साधने महाग. म्हणून खडे, शिंपले, बिया, पाने हीच त्यांची साधने झाली. मुले ती हाताळीत, मांडीत, मोजीत.

मी मात्र शाळेत पाढे नुसते घोकून घेतले. पोरे "पाच साते पस्तीस" म्हणत. पण पस्तीस चिंचोके मांडा म्हटलं की एकमेकांकडे बघत. चूक माझी होती.

तुम्ही असे करा. पाच-पाच चिंचोक्यांचे सात ढीग मांडा. मोजा. पाटीवर लिहा. मग ढिगांवर फडकं टाका, पाटी पालथी घाला आणि आठवून सांगा. तक्ता असो की मोबाईलवरचा धडा, समोर असतो तोवर सगळं येतंयसं वाटतं. झाकल्यावर खरं कळतं. अडलं तर फडकं उचलून बघा, लाजू नका. सकाळी कामावर निघण्याआधी पुन्हा आठवा. दोन दिवसांनी आणखी एकदा.