विमानाचे वय कसे मोजावे?

एक लोखंडी तार घ्या. ती काटकोनात वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. एकदा वाकवून न तुटणारी तार काही वेळा असे केल्यावर मात्र तुटते. यालाच धातूचा शिणवटा म्हणतात.

बोइंग केसी-135 हे अमेरिकी हवाई दलाचे इंधनवाहू विमान. उडता उडताच ते दुसऱ्या विमानांना इंधन पुरवते. त्याचे पहिले उड्डाण 1956 साली झाले आणि उत्पादन 1965 साली थांबले. तरीही अशी शेकडो विमाने 2020 नंतरही सेवेत होती. ती टिकली कशी?

उड्डाणात पंख वरच्या बाजूला वाकतात. त्यामुळे खालच्या पत्र्यावर ताण पडतो, वरच्यावर दाब. तडे ताणाने वाढतात. या विमानाच्या पंखांचा खालचा पत्रा जस्तयुक्त ॲल्युमिनियमच्या अतिशय बळकट मिश्रधातूचा होता. पण त्यात तडा झपाट्याने पसरे. म्हणून 1970 ते 1990 या काळात तो काढून तांबेयुक्त मिश्रधातूचा पत्रा बसवला. हा बळाने थोडा कमी, पण अधिक चिवट. बळकटपणा आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत, हे येथे ध्यानात ठेवा.

ही विमाने प्रवासी विमानांच्या मानाने कमी तास उडतात. मग ती कमी झिजली असे म्हणावे काय? नाही! शिणवटा उड्डाणांगणिक वाढतो, पण क्षरण (गंजणे) विमान जमिनीवर उभे असतानाही चालूच असते. एकावर एक जोडलेल्या पत्र्यांच्या फटीत ओल शिरते. तेथे तयार होणारा पांढरा क्षार मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो, आणि दोन रिव्हेटांमधला पत्रा उशीसारखा फुगतो.

आतला दोष डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ठरावीक वर्षांनी विमान कारखान्यात आणून बरेचसे उघडतात. क्ष-किरण, श्राव्यातीत ध्वनी व भोवरी विद्युत् प्रवाह यांच्या साहाय्याने तपासतात. खराब भाग कापून नवा बसवतात. एक तडा नजरेतून सुटला, तर विमानातील माणसांचे प्राण धोक्यात येतात.

थोडक्यात, अशा विमानाचे वय दोन घड्याळांवर मोजावे लागते: एक उड्डाणांचे, दुसरे वर्षांचे.

करून पाहा : सारख्याच जाडीच्या दोन तारा घ्या. एक 90 अंशांत, दुसरी 30 अंशांत वाकवून सरळ करीत राहा. किती वेळा वाकवल्यावर प्रत्येक तुटते, ते मोजा. (वाकवलेली जागा तापते, लगेच हात लावू नका.) यावरून काय अनुमान निघते?