रस्त्यावरची अडचण मागच्या गाडीला कशी कळवावी?



आपला आणि पनवेलचा संबंध काय, असे कोणी विचारील. पण आपल्यापैकी कितीतरी जणांचा भाजीपाला रात्री टेम्पोत भरून वाशीच्या बाजाराला जातो, साखरेचे ट्रक न्हावा-शेवा बंदराकडे जातात. घाट उतरला की पनवेल चुकत नाही. द्रुतगती मार्ग कळंबोलीला मिळतो, जुना पुणे रस्ता इथूनच जातो आणि पळस्पे फाट्याला गोव्याची वाट फुटते. एवढ्या गाड्या एका ठिकाणी आल्यावर एकाची अडचण दहा जणांची होते.

जुलै २०२४ मध्ये, आषाढी एकादशीच्या तोंडावर, डोंबिवलीकडून पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांची बस पनवेलजवळ द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरवर आदळून खाली कोसळली. पाच जण दगावले, चाळीसहून अधिक जखमी झाले. या मार्गावर ट्रॅक्टरला मनाई आहे, हे आपण ट्रॅक्टरवाल्यांनी तरी विसरू नये.

जुनी रीत आणि नवी सोय

पूर्वी बैलगाडीखाली कंदील टांगत. ट्रक बंद पडला तर ड्रायव्हर मागे झाडाची फांदी टाकी. समोरून येणारा डिपर मारून सावध करी. हे सारे नजरेच्या टप्प्यातले. आता खिशातल्या मोबाईलने चार मैल मागच्यालाही सांगता येते. इस्रायलमध्ये निघालेले ‘वेझ’ हे अ‍ॅप याच कामासाठी नावाजले. २०१३ साली ते गूगलने विकत घेतले. आज ‘गूगल मॅप्स’मध्येही ही सोय आहे आणि ती आपल्याकडे चालते.

वाट दाखवणे चालू असताना पडद्याच्या कडेला कळवण्याची खूण दिसते. ती दाबली की यादी येते: अपघात, रस्त्याचे काम, बंद लेन, बंद पडलेले वाहन, रस्त्यात पडलेली वस्तू. योग्य ते निवडले की काम झाले. मागून येणाऱ्याच्या नकाशावर तिथे खूण उमटते. तो जवळ आला की अ‍ॅप त्याला विचारते, अडचण अजून आहे काय? त्याच्या ‘हो’ने खबर पक्की होते, ‘नाही’ म्हणणारे वाढले की खूण जाते.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. चालवणाऱ्याने मोबाईलला हात लावू नये. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. तीन सेकंद मान खाली घातली की जवळजवळ ५० मीटर आंधळेपणाने गेलो. हातात मोबाईल धरून चालवणे गुन्हाही आहे. कळवण्याचे काम शेजारी बसलेल्याने करावे.

२. लगेच कळवावे. त्याच वेगाने मिनिटाभरात गाडी एक किलोमीटर पुढे जाते आणि खूण भलत्याच जागी पडते.

३. खात्री असेल तेच कळवावे. अडचण दूर झाली असेल तर ‘नाही’ म्हणायला कंटाळू नये. नाहीतर ‘लांडगा आला रे’ची गत व्हायची.

४. अ‍ॅप ड्रायव्हरला सावध करते, रस्ता मोकळा करीत नाही. माणूस जखमी असेल, धोका मोठा असेल तर ११२ नंबर फिरवावा, रुग्णवाहिकेसाठी १०८. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा नंबर आहे. मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात तसे संरक्षण आले आहे.

आमचीच चूक सांगतो. एका पावसाळी रात्री वाशीहून परतताना पनवेलच्या पुढे रस्त्यात भला मोठा लाकडी ओंडका पडलेला होता. पुढच्या गाड्या वळसा घालून निघून गेल्या. कोणीतरी कळवील म्हणून आम्हीही तेच केले. शेजारी बसलेल्याच्या हातात मोबाईल होता. दोन बोटांचे काम होते. मागून एखादा दुचाकीवाला आला असेल तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

आपल्या घरापासून सुरुवात

गळिताच्या हंगामात आपणच कित्येकदा दुसऱ्याची अडचण होतो. ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाने झाकलेला, वळणावर मोळ्या सांडलेल्या, टायर बदलताना लावलेले दगड तसेच रस्त्यात. हे दगड उचलायला कुठलेही अ‍ॅप लागत नाही. तेव्हा वाहतूकदारांनी फेरीला निघण्यापूर्वी मागचा दिवा पाहावा, ट्रॉली बंद पडल्यास आधी मागे खूण ठेवावी, मग नकाशावर कळवावे.

गटाच्या बैठकीत विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या गटातल्या किती ट्रॉल्यांना मागून दिसेल असा रिफ्लेक्टर आहे?
२. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याला अ‍ॅपवर कळवता येते काय?
३. घरातल्या तरुण मुलामुलींकडून ही गोष्ट आपण शिकून घेतली काय?

पाण्याच्या पाळीत पाट फुटला तर आपण खालच्या शेतकऱ्याला हाक देतो. रस्त्यावरही तीच हाक द्यायची आहे.