खुराड्याच्या फटीत

परसातील कोंबड्यांच्या बाह्य परोपजीवींचा, म्हणजे कोंबडीच्या रक्तावर, त्वचेवर अथवा पिसांवर जगणाऱ्या जीवांचा विचार करताना त्यांच्या नावांपेक्षा त्यांच्या मुक्कामाची जागा अधिक महत्त्वाची ठरते. कोंबडीची ऊ आपले सारे आयुष्य कोंबडीच्या अंगावरच काढते. तिच्या लिखा, म्हणजे अंडी, पिसांच्या बुडाशी पुंजक्यांनी चिकटलेल्या असतात आणि कोंबडीचे अंग सुटले तर ऊ काही दिवसांतच मरते. याउलट लाल माइट, ज्याचे शास्त्रीय नाव डर्मानिसस गॅलिनी आहे, हा गोचिडाच्या वर्गातला, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा जीव दिवसभर खुराड्याच्या फटींत दडून बसतो, रात्री दांडीवर झोपलेल्या कोंबडीचे रक्त पितो आणि पोट भरले की पुन्हा फटीत शिरतो. त्यामुळे कोंबडी दिवसा हातात धरून तपासणाऱ्याला उवा सापडतात, माइट बहुधा सापडत नाही, आणि पुढच्या उपचाराची दिशा तेथेच चुकते.

प्रस्तुत लेखकाच्या परसात ती अशीच चुकली. ऐन उन्हाळ्यात खुडूक बसलेली एक गावठी कोंबडी दोन आठवडे नेटाने अंडी उबवून नंतर ती सोडून उठली, तिचा तुरा फिका पडला होता, आणि उरलेल्या कोंबड्या तिन्हीसांजेला खुराड्यात न शिरता पेरूच्या झाडावर चढू लागल्या. झाडावर चढण्याचे खापर मुंगसावर फोडण्यात आले, फिक्या तुऱ्यावर उपाय म्हणून जंतांचे औषध पाजण्यात आले, आणि पिसे उलगडून पाहिल्यावर काहीच दिसत नसतानाही खबरदारी म्हणून चुलीतली राख अंगाला चोळण्यात आली. हे सारे उपाय कोंबडीवर झाले. जुन्या फळ्या एकावर एक ठोकून केलेल्या, दिसायला देखण्या खुराड्याकडे कोणी वळून पाहिले नाही.

खुडूक कोंबडीच या जिवाला आधी का बळी पडते, हे साध्या हिशेबातून कळते. अंडी उबायला 21 दिवस लागतात, तर उष्ण हवेत लाल माइटचे अंड्यापासून प्रौढापर्यंतचे चक्र सुमारे 7 दिवसांत पुरे होऊ शकते. म्हणजे एका जागी बसून असलेल्या, धूळस्नानालाही क्वचितच उठणाऱ्या कोंबडीच्या बुडाखाली तिची पिल्ले बाहेर येईपर्यंत माइटच्या तीन पिढ्या वाढू शकतात. अशा वेळी कोंबडी अंडी सोडते याला तिचा लहरी स्वभाव म्हणणे अन्यायाचे आहे.

निदान रात्रीच होते. अंधार पडून दोनेक तास झाल्यावर विजेरी घेऊन दांडीचा खालचा भाग आणि दांडी भिंतीला टेकते तो सांधा पाहावा, आणि पांढरा कागद त्या सांध्यावरून दाबून फिरवावा. रक्त प्यालेला माइट चिरडला की कागदावर लालभडक रेघ उमटते. उपाशी माइट करडा असतो आणि धुळीच्या कणासारखा दिसतो, पण तो कण चालतो. दिवसा याची खूण म्हणून फटींच्या तोंडाशी मीठमिरपूड सांडल्यासारखी राखाडी पूड साचलेली दिसते, जी माइटची विष्ठा आणि त्याने टाकलेली कात यांची असते.

उपचार अर्थातच खुराड्यावर करायचा. खुराडे रिकामे करून जुना पेंढा जाळावा, दांड्या उपसून उन्हात टाकाव्यात, प्रत्येक सांध्यात उकळते पाणी ओतावे आणि खुराडे पूर्ण वाळल्यावर फटी लिंपून वर चुना द्यावा. मात्र एकदा केलेल्या सफाईवर समाधान मानणे, ही लेखकाची दुसरी चूक होती. फटीत खोलवर राहिलेली अंडी दोनतीन दिवसांत फुटतात, म्हणून आठवड्याच्या अंतराने हेच काम आणखी किमान दोनदा करावे लागते. खुराडे नुसते रिकामे ठेवून माइट उपाशी मारण्याचा विचारही फोल आहे, कारण थंड, दमट जागी तो रक्ताविना कित्येक महिने तग धरतो. जुन्या घरांतले डालगे या दृष्टीने अधिक शहाणपणाचे होते. त्याच्या विणीत फटी काही कमी नसत, परंतु ते रोज सकाळी उचलून उन्हात टाकले जाई.

राखेला मात्र बाद करू नये. कोरड्या मातीत राख मिसळून केलेला धूळस्नानाचा खड्डा उवांवर उपयोगी पडतो, कारण उवा अंगावरच असतात. कडुलिंबाच्या धुरावर मात्र फार भिस्त ठेवू नये, कारण फटीच्या तळाशी तो पोहोचेलच असे नाही. शेतातले उरलेले कीटकनाशक कोंबडीवर शिंपडण्याची सवय तर सरळसरळ घातक आहे. औषध लागलेच तर ते पशुवैद्यकाने सांगितलेले असावे आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.



लेखकाच्या नव्या खुराड्यात दांड्या भिंतीपासून वीतभर दूर, चार पायांवर उभ्या आहेत, आणि प्रत्येक दांडीखाली नालीदार पुठ्ठ्याची एक गुंडाळी बांधलेली असते. माइट लपण्यासाठी त्या नळ्यांत शिरतात. दर रविवारी ती गुंडाळी पांढऱ्या कागदावर झटकून पाहिली जाते, मग चुलीत जाते, आणि तिच्या जागी नवी बांधली जाते.